दोन खाचांच्या मधला आवाज : इलेक्ट्रिक गिटारच्या वायरिंगची एक समीक्षा

फेंडर कंपनीने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, तेव्हा तिला तीन पिकअप होते आणि स्विचला तीन खाचा होत्या. पुढचा, मधला, मागचा. एका वेळी एक. आखणाऱ्यांच्या दृष्टीने हिशेब चोख होता. पण वादकांच्या लक्षात आलं की स्विचची दांडी दोन खाचांच्या मधे अलगद टेकवून ठेवली, तर शेजारचे दोन पिकअप एकदम बोलतात. त्यातून एक पोकळ, काचेसारखा, किंचित नाकातला आवाज निघतो आणि तो तिन्हींपैकी एकाचाही नसतो. दांडी घसरून पुन्हा खाचेत पडू नये म्हणून लोकांनी स्विचची स्प्रिंग सैल केली, तिथे काहीबाही अडकवलं. कंपनीने पाच खाचांचा स्विच स्वतःहून बसवून द्यायला १९७७ उजाडलं. म्हणजे तेवीस वर्षं हा आवाज कंपनीच्या लेखी अस्तित्वातच नव्हता, आणि तरीही तो रेकॉर्डवर होता, लोकांच्या कानांत होता.

गिटारच्या वायरिंगबद्दल जे लेखन वाचायला मिळतं ते बहुतेक दोन जातींचं असतं. एक आकृत्यांचं : काळी तार इथे, हिरवी तिथे, पांढरी आणि लाल एकत्र सोल्डर करून टेपखाली. दुसरं दंतकथांचं : अमक्याच्या गिटारीत तमुक कपॅसिटर होता, म्हणून तो आवाज. तिसरी जात मला क्वचितच भेटली आहे. एखाद्या वायरिंगकडे एक कृती म्हणून पाहायचं, ती वादकाकडून काय गृहीत धरते ते विचारायचं, आणि ती चांगली की वाईट हे कारणासह सांगायचं. कवितेबद्दल, चित्राबद्दल, नाट्यगृहाच्या रचनेबद्दलसुद्धा आपण हे करतो. गिटारच्या पोटातल्या चार तारांबद्दल का करू नये?

हा प्रश्न निव्वळ हौसेचा नाही. नवशिका वादक आज दुकानात जातो तेव्हा त्याला आवाज विकला जात नाही, पर्याय विकले जातात. ‘यात इतके टोन निघतात’ असा आकडा सांगितला जातो, आणि तो आकडा किमतीत दिसतो. त्या आकड्याला काही अर्थ आहे का, एवढंच मला तपासायचं आहे.

*

आधी थोडं यंत्र समजून घेऊ. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. ही तार केसासारखी बारीक, ढोबळमानाने ०.०६ मिलिमीटर जाडीची. स्ट्रॅटोकास्टरच्या एका पिकअपवर तिचे सात-आठ हजार वेढे असतात. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ साली मांडलेला हा नियम आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेला आहे. पिकअपला हवेतला आवाज जवळजवळ ऐकू येत नाही. त्याला तारेची हालचाल कळते.

यात आवाजाचा पोत ठरवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली, पिकअप तारेच्या कोणत्या जागेखाली आहे. सतारीवर घोडीच्या जवळ मिजराब मारला की आवाज धारदार होतो आणि घोडीपासून दूर गेलं की गोल, हे वादकाला सांगावं लागत नाही. ऐकण्याची जागा बदलली तरी तेच होतं. तारेवर प्रत्येक स्वरांशाचे काही बिंदू स्थिर असतात. पिकअप नेमका त्या बिंदूखाली आला की तो स्वरांश त्याला ऐकूच येत नाही. दुसरी गोष्ट अनुनादाची. हजारो वेढ्यांचं ते वेटोळं आणि गिटारपासून अँप्लिफायरपर्यंतची केबल मिळून एक लहानसं अनुनादी मंडल तयार होतं आणि एका ठरावीक वारंवारतेला उचलून धरतं. वेटोळ्याचा इंडक्टन्स २.४ हेन्री आणि केबलसकट एकूण धारिता ६०० पिकोफॅरड धरली तर हा उंचवटा साधारण ४,२०० हर्ट्झवर येतो. दुहेरी वेटोळ्याच्या पिकअपचा इंडक्टन्स ४.५ हेन्री धरला तर तो ३,००० च्या आसपास उतरतो. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो दोन ते पाच हजारांच्या पट्ट्यात. म्हणजे हा सगळा खेळ आपल्या कानाच्या सर्वांत हळव्या जागेवर चालतो.

तानपुऱ्याच्या जवारीत दोरा सरकवताना आपण नवा सूर घडवत नाही. असलेल्या सुरातल्या कोणत्या स्वरांशांना वाव द्यायचा, तेवढं ठरवतो. पिकअपचं वायरिंग नेमकं तेच काम करतं. फक्त दोऱ्याच्या जागी इथे स्विच असतो. फरक इतकाच की दोरा केसभर सरकवता येतो आणि स्विच सरकत नाही, तो उडी मारतो.

आता दोन सारखी वेटोळी घ्या. ती एकसर जोडली, म्हणजे एकीतून निघालेली वीज दुसरीतून पुढे गेली, तर इंडक्टन्स दुप्पट होतो. समांतर जोडली तर निम्मा. दोहोंत चौपट फरक. अनुनादाची वारंवारता इंडक्टन्सच्या वर्गमुळावर अवलंबून असल्यामुळे ती केबल तशीच ठेवून ढोबळमानाने दुपटीने बदलते, म्हणजे एक पूर्ण सप्तक. एकसर जोडणी जाड, मधाळ आणि मोठी; समांतर जोडणी उघडी, स्वच्छ आणि थोडी दबकी. वायरिंगच्या सगळ्या करामतींत एवढ्या मूलभूत फरकाच्या गोष्टी फार नाहीत : जागा निवडणं, एकसर की समांतर ठरवणं आणि फेज उलटवणं. बाकीचं बरंचसं या तिघांचं संसारी सामान.

*

इथे एका चुकीच्या नावाचा समाचार घ्यायला हवा, कारण नावं चुकली की कानही चुकतो. स्ट्रॅटोकास्टरच्या त्या मधल्या आवाजाला जगभरचे वादक वर्षानुवर्षं ‘आउट ऑफ फेज’ म्हणत आले. तो तसा नाही. त्या स्थितीत दोन्ही पिकअप एकमेकांशी पूर्ण सहमत असतात आणि समांतर जोडलेले असतात. आवाज पोकळ वाटतो त्याची कारणं दोन : एकच तार दोन जागांहून एकदम ऐकली जाते, त्यामुळे मधले काही स्वरांश एकमेकांना खातात; आणि समांतर जोडणीने अनुनाद वर सरकतो. खरोखर फेज उलटवली, म्हणजे एका पिकअपच्या तारांची अदलाबदल केली, तर दोन्हींत समान असलेलं सगळं वजा होतं. मूळ स्वराचा पायाच निघून जातो. उरतो तो सर्दी झालेल्या माणसाने फोनवर बोलावं तसा आवाज.

मार्क नॉफ्लरने ‘सुलतान्स ऑफ स्विंग’ या १९७८च्या रेकॉर्डवर वाजवलेला आवाज त्या मधल्या, सहमतीच्या जातीचा आहे. वजाबाकीच्या जातीचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पीटर ग्रीनच्या १९५९ सालच्या लेस पॉलचं. तिच्या दोन पिकअपपैकी पुढच्यातलं लोहचुंबक उलटं आहे. एकेक पिकअप वाजवला तर काहीच वेगळं जाणवत नाही. दोन्ही एकत्र लावले की आवाज कुठूनतरी लांबून, विहिरीतून आल्यासारखा येतो. पुढे ही गिटार गॅरी मूरकडे गेली आणि आता मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे.

या गिटारीची जी कथा सांगतात ती अशी की ग्रीनने पिकअप काढला होता आणि परत बसवताना तो उलटा फिरवून बसवला, त्यामुळे हा चमत्कार झाला. कथा गोड आहे, पण विज्ञान तिला साथ देत नाही. पिकअप जागच्या जागी अर्धा वळसा फिरवला तर वरचं टोक वरच राहतं. चुंबकाचं उत्तर-दक्षिण बदलत नाही, वेढ्यांची दिशाही बदलत नाही. फेज उलटायची तर आतलं चुंबक पालथं व्हायला हवं किंवा तारांची अदलाबदल व्हायला हवी. तरीही ही कथा टिकली, कारण आपल्याला कलावंताच्या हातून झालेली चूक आवडते. लोखंडाचा एक तुकडा पालथा झाला, यात नाट्य नाही.

मला त्या गिटारीत वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. लेस पॉलला प्रत्येक पिकअपचं व्हॉल्यूमचं बटण वेगळं असतं. वजाबाकी पूर्ण व्हायची तर दोन्ही बटणं जवळपास सारखी असावी लागतात. एक किंचित खाली आणलं की वजाबाकी अपुरी राहते आणि पाया हळूहळू परत येतो. म्हणजे त्या गिटारीत एक विचित्र आवाज नव्हता. पूर्ण आणि पोकळ यांच्या मधली सगळी वाट करंगळीखाली होती. नक्कल करणारे एक फेज-स्विच बसवतात आणि पोकळ टोक तेवढं मिळवतात. वाट मिळत नाही, कारण बटणाकडे त्यांचं लक्षच नसतं.

*

कंपन्यांच्या आराखड्यांकडे या नजरेने पाहिलं तर मजेदार गोष्टी दिसतात. टेलिकास्टर ही फेंडरची त्याआधीची गिटार. आज तिच्या साधेपणाची स्तोत्रं गायली जातात. दोन पिकअप, तीन खाचा. कुणालाही वाटेल की मधल्या खाचेत दोन्ही पिकअप एकत्र असणार. आज तसंच असतं. पण १९५२ ते १९६७ या काळात तसं नव्हतं. एका खाचेत मागचा पिकअप, मधल्या खाचेत पुढचा पिकअप, आणि तिसऱ्या खाचेत पुन्हा पुढचाच, पण एका मोठ्या कपॅसिटरमागे कोंडून इतका अंधारलेला की गोधडीखालून वाजतोय असं वाटावं. उद्देश असा की गिटारवादकाला वेळप्रसंगी बेसचं काम निभावता यावं. यातली गंमत अशी की याच कंपनीने १९५१ साली प्रिसिजन बेस हे स्वतंत्र वाद्य बाजारात आणलं होतं. म्हणजे खरं बेस गिटार जन्माला आल्यावरही सोळा वर्षं तिची ही नकली बहीण टेलिकास्टरची एक खाच अडवून बसली, आणि दोन पिकअप एकत्र ऐकण्याची साधी सोय पंधरा वर्षं मिळाली नाही. साधेपणाचं कौतुक करणाऱ्यांनी हे विसरू नये. स्विच साधा होता. त्यामागचा विचार साधा नव्हता, चुकलेला होता.

जॅझमास्टर (१९५८) आणि जॅग्वार (१९६२) या दोन गिटारींत उलट प्रकार. वरच्या खांद्यावर एक सरकता स्विच आणि आडवी चाकं. तो स्विच टाकला की गिटार एका वेगळ्या, मऊ, साथीच्या आवाजात जाते आणि खालची बटणं मुकी होतात. जॅग्वारला त्याशिवाय खाली आणखी तीन स्विच, त्यातला एक खर्ज कापणारा. नावावरून उघड आहे की डोळ्यांसमोर जॅझवाले होते. जॅझवाल्यांनी पाठ फिरवली. गिटारी समुद्रकिनाऱ्यावरच्या सर्फ संगीतवाल्यांच्या गळ्यात पडल्या, मग मागे पडल्या, आणि काही दशकांनी जुन्या बाजारात स्वस्त मिळतात म्हणून गोंगाटाच्या संगीतात रमलेल्या तरुणांनी उचलल्या. सोनिक यूथच्या थर्स्टन मूरच्या नावाने फेंडरने २००९ साली जॅझमास्टर काढली तिच्यात काय आहे? निवडीचा एक स्विच आणि व्हॉल्यूमचं एक बटण. खांद्यावरचं सगळं गायब. मूळ आराखड्यावरचं याहून परखड परीक्षण शब्दांत करणं कठीण आहे.

गिब्सनच्या ईएस-३४५ वर १९५९ साली आलेला ‘व्हेरिटोन’ हा सहा टप्प्यांचा फिरता स्विचही याच पंगतीतला. पहिला टप्पा म्हणजे काही न करणं. उरलेले पाच टप्पे आवाजाच्या मधल्या पट्ट्यातून कमी-जास्त वरचा-खालचा भाग खरवडून काढतात. बी. बी. किंगच्या ल्युसिलवर हा स्विच होता, हे त्याच्या जाहिरातीला पुरेसं आहे. पण किंगचा आवाज ओळखू येतो तो डाव्या हाताच्या त्या फुलपाखरी कंपाने, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कित्येक मालकांनी व्हेरिटोन काढून टाकला. आपल्याकडच्या बाजाच्या पेटीला समोर ओढायच्या खुंट्या असतात; बसतानाच हव्या तेवढ्या ओढल्या जातात आणि मैफल संपेपर्यंत कुणी त्यांना हात लावत नाही. व्हेरिटोनची गत तीच झाली.

*

मग अनेक स्विचांची रचना मुळातच वाईट का? तसं म्हटलं तर ब्रायन मेची ‘रेड स्पेशल’ आडवी येते, आणि ती आडवी यावीच.

मेने १९६३ साली, पोरवयात, वडिलांच्या मदतीने ही गिटार घरी बनवायला घेतली. वडील हॅरोल्ड मे इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनीअर. मानेचं लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, कंपपट्टीच्या स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या. पिकअपही आधी स्वतःच गुंडाळले, ते समाधानकारक होईनात म्हणून बर्न्स कंपनीचे तीन ट्राय-सॉनिक विकत घेतले आणि अ‍ॅरल्डाइटने आतून घट्ट बसवले. (क्वीनचं नाव निघालं की मराठी माणूस त्यांचा गायक पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला हे सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. मीही ती पट्टी भरतो आणि पुढे जातो.)

रेड स्पेशलला खाचांचा स्विचच नाही. प्रत्येक पिकअपला दोन सरकते स्विच : एक चालू-बंदचा, एक फेज उलटवण्याचा. एकूण सहा. तिन्ही पिकअप एकसर जोडलेले. सहा स्विचांच्या स्थिती मोजल्या तर चौसष्ट होतात, आणि दुकानदाराच्या हातात हा आकडा सापडला असता तर त्याने तो पाटीवर रंगवला असता. पण खरे वेगळे आवाज किती? एकटा पिकअप उलटा केला तरी कानाला फरक नाही. फेज ही नेहमी दुसऱ्या कुणाच्या तुलनेत असते. म्हणून एकट्याचे तीन. दोघांच्या जोड्या तीन, प्रत्येक जोडी सहमतीत किंवा विरोधात, असे सहा. तिघे एकत्र : सगळे सहमत, किंवा तिघांपैकी कुणीतरी एक फुटलेला, असे चार. बेरीज तेरा. चौसष्टातले एकावन्न एक तर पुनरुक्ती आहेत किंवा शांतता.

तेरा हा आकडा तरीही मोठा आहे. मग ही रचना चालते का? माझ्या मते त्याला तीन कारणं आहेत आणि ती एका वजनाची नाहीत. लहान कारण असं की मांडणी वाचता येते. स्विच त्या त्या पिकअपच्या रांगेत आहेत, त्यामुळे नजर टाकली की गिटारची अवस्था कळते. त्याहून मोठं कारण म्हणजे त्याने काय सोडलं. हाताशी इंजिनीअर बाप असताना या मुलाला एकसर-समांतर बदलणारे आणखी स्विच बसवणं अवघड नव्हतं. त्याने एकसर जोडणी निवडली आणि समांतरचा सगळा प्रदेश कायमचा सोडून दिला. त्यामुळे तेराही आवाजांना एकाच घराण्याची जाडी आहे.

सगळ्यात मोठं कारण गिटारच्या बाहेर आहे. फेज उलटवलेली जोडी नुसती ऐकली तर चिरकी आणि क्षीण असते. मे ती एका ट्रेबल बूस्टरमधून व्हॉक्स एसी-३० अँप्लिफायरमध्ये ढकलतो, आणि तो अँप्लिफायर आधीच तुडुंब भरून वाहत असतो. वजाबाकीने गेलेली ताकद तिथे परत मिळते आणि उरलेले वरचे स्वरांश गाऊ लागतात. म्हणजे ज्या स्विचांना आपण गिटारचे समजतो ते प्रत्यक्षात गिटार, बूस्टर आणि अँप्लिफायर अशा एका संचाचे आहेत. त्यांची प्रतिकृती एखाद्या स्वच्छ, थंड अँप्लिफायरला लावून ‘यात काही राम नाही’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. तो फक्त संहितेचं एक पान वाचत असतो. आणि इतकं करून मे बहुतेक वेळ मागचा आणि मधला पिकअप सहमतीत लावून वाजवतो. बाकीचे बारा गरज पडली की.

*

याच्या शेजारी ‘जिमी पेज वायरिंग’ नावाने ओळखला जाणारा आराखडा ठेवा. लेस पॉलची चार बटणं ओढता-ढकलता येणारी करायची : दोन बटणांनी प्रत्येक हमबकरचं एकेक वेटोळं बंद करायचं, तिसऱ्याने फेज, चौथ्याने दोन पिकअपांची एकसर किंवा समांतर जोडणी. माझ्या मोजणीने यातून वीस स्थिती निघतात : एकेकट्याच्या दोन-दोन, आणि एकत्र असताना सोळा.

हमबकर हा शब्द इथे थोडा उलगडायला हवा. घरातली वीज आपल्याकडे सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, अमेरिकेत साठ. तिची घरघर एकेरी वेटोळं इमानाने उचलतं. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ साली अर्ज केलेल्या आणि १९५९ साली मंजूर झालेल्या पेटंटमध्ये दोन वेटोळी उलट दिशेने आणि उलट चुंबकांसह जोडली. तारेचा आवाज दोनदा उलटून सुलटा होतो आणि बेरीज होते. घरघर एकदाच उलटते आणि वजा होते. इतकी सुरेख कल्पना या सबंध क्षेत्रात दुसरी नाही. आणि पेज वायरिंगमधली पहिली दोन बटणं काय करतात? यातलं एक वेटोळं बंद करतात. घरघर परत. मिळतो तो आवाज एकेरी पिकअपसारखा वाटतो, पण नसतो. वेढे कमी, चुंबक वेगळं, जागा वेगळी. ज्याला ही घरघर नको आणि उघडेपणा हवा, त्याने दोन्ही वेटोळी चालू ठेवून ती समांतर जोडावीत. तरीही बाजारात वेटोळं बंद करण्याचीच चलती आहे, कारण ‘एका गिटारीत दोन गिटारी’ हे वाक्य विकलं जातं.

बरं, ज्याच्या नावाने हे वायरिंग आहे त्या पेजने लेड झेपेलिनचा पहिला अल्बम मुख्यतः टेलिकास्टरवर वाजवला. ‘स्टेअरवे टू हेवन’मधला एकल भागही टेलिकास्टरवरचा. म्हणजे चाहता ज्या आवाजामागे धावत लेस पॉलमध्ये चार बटणं बसवतो, त्यातला काही भाग त्या लेस पॉलचा नव्हताच.

या सगळ्याला एडी व्हॅन हेलनने दिलेलं उत्तर मला फार आवडतं. १९७८च्या पहिल्या अल्बमपासून गाजलेल्या त्याच्या जोडजंतर गिटारीत चालू असलेला पिकअप एक, मागचा हमबकर. आणि बटण एक, व्हॉल्यूमचं, ज्यावर अक्षरं मात्र ‘टोन’ अशी. पुढे त्याने मानेपाशी एक एकेरी पिकअप बसवला आणि मधल्या खड्ड्यात एक स्विच कोंबला. दोन्ही कशालाच जोडलेले नव्हते. नक्कल करणारे त्या मेलेल्या स्विचची हुबेहूब जागा मोजत बसले.

*

आता माझ्या स्वतःच्या पापाचं. शिकत असताना मी एका साध्या देशी बनावटीच्या गिटारीत सात स्विच बसवले होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गिटारचे म्हणून सुटे भाग तेव्हा मिळत नसत; पण दोन खांबी, दुहेरी फेकीचे बारके टॉगल स्विच, पाचशे किलोओहमचे पॉट, ०.०२२ आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर हे सगळं रेडिओ दुरुस्तीच्या मालात मिळायचं. मी वहीत तक्ता केला. किती स्थिती निघतात याचा आकडा तीन अंकी होता आणि मी तो भेटेल त्याला सांगत असे. कॉलेजच्या कार्यक्रमात, अंधाऱ्या रंगमंचावर, गाण्याच्या ऐन तोंडाशी माझी करंगळी नको त्या टॉगलला लागली आणि गिटारचा पाया निघून गेला. कोणता स्विच ते दिसेना. सात दांड्या, सगळ्या सारख्या. पुढचं गाणं मी त्या सर्दीच्या आवाजातच वाजवलं.

चूक अंधाराची होती असं मी बरीच वर्षं समजत होतो. नंतर कधीतरी त्या सगळ्या स्थिती टेपवर एकापाठोपाठ एक भरून ठेवल्या आणि काही दिवसांनी डोळे मिटून ऐकल्या. माझेच आवाज मला ओळखता येईनात. दोन-चार ठळक होते, बाकीचे एकमेकांचे चुलतभाऊ. त्याउलट एकाच स्थितीत उजवा हात घोडीकडून मानेकडे चार बोटं सरकवला तर प्रत्येक वेळी फरक कळत होता.

कपॅसिटरच्या बाबतीतही मी असाच फसलो असतो, पण पैसे नव्हते म्हणून वाचलो. पन्नासच्या दशकातल्या गिब्सनमध्ये असलेल्या पट्टेरी ‘बंबलबी’ कपॅसिटरना आज संग्राहक जी किंमत मोजतात ती ऐकून छाती दडपते. टोनच्या बटणाला जोडलेला कपॅसिटर काय करतो, ते मात्र कुणी सांगत नाही : वरचे स्वर त्याच्यातून जातात आणि थेट अर्थिंगला मिळतात. त्यातून जो आवाज जातो तो आपण ऐकत नसतो. आपण ऐकतो ते मागे उरलेलं. त्याचं मूल्य किती मायक्रोफॅरड, याने फरक पडतो. तोच कपॅसिटर व्हॉल्यूमच्या पॉटच्या कोणत्या पायाला जोडला, यानेही पडतो : बाहेर जाणाऱ्या पायाला जोडला तर आवाज कमी करताना तो कमी काळवंडतो. यासाठी लागतं सोल्डरचं एक टोक आणि पाच मिनिटं. जुन्या कपॅसिटरवरच्या पट्ट्यांचा रंग यात कुठेच येत नाही.

त्या गिटारीतले सहा स्विच मी पुढे काढले. ठेवला तो एक : मागच्या हमबकरची दोन वेटोळी एकसर किंवा समांतर करणारा. तो मी खरंच वापरतो, गाण्याच्या साथीला समांतर आणि एकट्याने वाजवायला एकसर, आणि पाहिल्याशिवाय वापरतो, कारण तिथे दुसरं काहीच नाही. उरलेली सहा भोकं तशीच आहेत.

स्ट्रॅटोकास्टरच्या पाच खाचांबद्दल एक राहिलं. पुढे मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकाचा देण्याची पद्धत पडली. त्यामुळे दोन्ही मधल्या खाचांमध्ये घरघरही वजा होते. जो आवाज एके काळी स्विच अर्धवट अडकवून चोरावा लागत होता, तोच आज त्या गिटारीतला सर्वांत शांत आवाज आहे. ते दोन पिकअप पहिल्यांदा एकदम कुणी बोलते केले, त्या वादकाचं नाव कंपनीच्या एकाही आराखड्यावर नाही. माझ्याकडे एक जुना तीन खाचांचा स्विच आहे, भंगारातून आलेला, स्प्रिंग कुणीतरी आधीच सैल केलेली. दांडी मधे ठेवली की राहते.